राखेची वीट, रमाईचे घरकुल आणि तपासणीचा हक्क

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. चंद्रपूर तालुक्यातल्या आपल्या एका वस्तीतून एक मावशी घरकुलाची फाईल घेऊन माझ्याकडे आल्या. रमाई आवास योजनेत घर मंजूर झाले, भिंती उभ्या झाल्या, स्लॅब पडला, फक्त दारे-खिडक्या आणि शेवटचा हप्ता बाकी. मला वाटले हप्ता अडला असेल. नव्वद टक्के लोक त्यासाठीच येतात. पण मावशींचा प्रश्न वेगळाच निघाला. म्हणाल्या, "वकीलभाऊ, या इटा राखेच्या आहेत. राखेच्या इटेनं कॅन्सर होते म्हणते माझा पोरगा. मोबाईलवर आलं म्हणे. मी या घरात राहाव का नाही, तेवढं सांगून द्या."

वीस वर्षे वकिली केली, पण या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. मी त्यांना आठ दिवसांनी बोलावले. ते आठ दिवस पुढे चार महिने झाले. त्या चार महिन्यांत जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो आहे, कारण हा प्रश्न एकट्या मावशींचा नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत रमाई, शबरी आणि पंतप्रधान आवास योजनेतून जी घरे उभी राहत आहेत, त्यांपैकी किती घरांच्या भिंतीत वीज केंद्राची राख आहे हे राहणाऱ्याला कोणी सांगत नाही. मातीची वीट लाल आणि राखेची वीट करडी, एवढाच फरक त्याला कळतो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. या बाबतीत दोन प्रकारची माणसे बोलताना दिसतात. एक ठेकेदार आणि त्याच्या मागे उभा असलेला साहेब. ते म्हणतात, "काही होत नाही, सगळीकडे हीच वीट आहे." दुसरी आपलीच तरुण पोरे. ती मोबाईलवरचा मजकूर वाचून सांगतात की ही वीट म्हणजे घरात आणलेला अणुबॉम्ब आहे. दोघांनीही काहीच मोजलेले नाही. मोजल्याशिवाय "होत नाही" म्हणणे जितके बेजबाबदार, तितकेच मोजल्याशिवाय "होते" म्हणणेही. आपली चळवळ तर्कावर उभी आहे. त्यामुळे तर्काची कसोटी आपल्या भीतीलाही लावली पाहिजे.

आता राखेत असते काय ते पाहू. पृथ्वीच्या पोटातल्या प्रत्येक दगडात आणि मातीत युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांचे किरणोत्सारी अंश असतातच. ते शेतातल्या मातीत आहेत, नदीच्या रेतीत आहेत, आपल्या हाडामांसातही पोटॅशियमच्या रूपाने आहेत. जगातल्या माणसाला अशा नैसर्गिक किरणोत्साराची सरासरी मात्रा वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळते आणि त्यातली जवळपास निम्मी श्वासावाटे शरीरात जाणाऱ्या रेडॉन वायूमुळे असते. कोळशातही हे अंश आहेत. कोळसा जळतो तेव्हा कार्बन धूर होऊन निघून जातो आणि खनिज भाग राखेत उरतो. आपल्याकडच्या शंभर किलो कोळशात तीस ते पंचेचाळीस किलो राख निघते. म्हणजे शंभर किलोत विखुरलेले रेडियम-थोरियम तीस-चाळीस किलोत गोळा होते आणि किलोमागे त्यांचे प्रमाण अडीच-तीन पटीने वाढते. यात जादू नाही की कटही नाही. दूध आटवले की साय दाट होते, तसेच हे आहे.

मोबाईलवरचा जो मजकूर फिरतो त्याचे मूळ मी शोधले. 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात २००७ साली एक लेख आला होता. कोळशाची राख अणुकचऱ्यापेक्षा जास्त किरणोत्सारी आहे, असे त्याचे शीर्षक होते. लेखाचा आधार १९७८ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेला अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांचा अभ्यास. त्या अभ्यासात तुलना होती ती कोळशाच्या वीज केंद्राच्या आणि अणुवीज केंद्राच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला मिळणाऱ्या मात्रेची. अणुकचरा जाड भिंतींत बंद असतो, राख मात्र चिमणीतून हवेत उडते. म्हणून राखेचा हिस्सा जास्त भरला, एवढाच त्याचा अर्थ. एक किलो राख आणि एक किलो अणुकचरा शेजारी ठेवले तर राख काहीच नाही. त्या मासिकाला नंतर खुलासाही जोडावा लागला. पण खुलासा कोणी पुढे पाठवत नाही, शीर्षक पाठवतात.

मग वीट कितपत वाईट? यासाठी युरोपात एक साधा हिशेब वापरतात. किरणोत्सार बेक्वेरेलमध्ये मोजतात. एका सेकंदाला एक अणू फुटला की एक बेक्वेरेल. एक किलो साहित्यातल्या रेडियमच्या बेक्वेरेलना ३०० ने, थोरियमच्या २०० ने आणि पोटॅशियमच्या ३००० ने भागायचे आणि तिन्हींची बेरीज करायची. बेरीज एकाच्या आत असली तर त्या साहित्याच्या भिंतीपासून मिळणारी जादा मात्रा वर्षाला साधारण एक मिलिसिव्हर्टच्या आत राहते. युरोपीय आयोगाने १९९९ साली जे नमुन्यादाखल आकडे दिले त्यात भाजलेल्या मातीच्या विटेचे रेडियम ५०, थोरियम ५० आणि पोटॅशियम ६७० होते. बेरीज ०.६४. कोळशाच्या राखेचे आकडे १८०, १०० आणि ६५०. बेरीज १.३२. म्हणजे नुसती राख मर्यादेच्या वर जाते. पण नुसत्या राखेचे घर कोणी बांधत नाही. विटेत साठ टक्के राख आणि बाकी रेती, चुना धरला तर बेरीज ०.८७ च्या आसपास येते. मातीच्या विटेपेक्षा जास्त, पण एकाच्या आत. आपल्या कोळशात राखच इतकी असते की तिच्या एका किलोत रेडियम युरोपातल्या राखेपेक्षा सहसा कमीच भरते. शिवाय राखेचे कण भट्टीच्या तापाने काचेसारखे झालेले असतात, त्यामुळे आतला रेडॉन बाहेर पडणेही अवघड जाते.

हा हिशेब मी मावशींना त्यांच्या भाषेत सांगितला. त्यांनी मान डोलावली आणि विचारले, "मंग आमच्या इटेचा आकडा किती?" आणि इथेच गाडी अडली. कारण मी सांगितलेला आकडा युरोपातल्या सरासरीचा होता. मावशींच्या भिंतीचा आकडा कोणी मोजलेलाच नाही.

राखेच्या विटेचे भारतीय मानक आहे, आयएस १२८९४. त्यात विटेने किती दाब सहन करावा, किती पाणी शोषावे, वाळताना किती आकुंचन पावावे, अंगावर मीठ फुटते का, हे सगळे आहे. किरणोत्साराचा रकाना नाही. युरोपात २०१३ च्या निर्देशाने बांधकाम साहित्यासाठी वर्षाला एक मिलिसिव्हर्ट हा संदर्भस्तर ठरवला आणि कोणत्या साहित्याकडे खास लक्ष द्यायचे त्या यादीत राखेचे नाव स्पष्ट घातले. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ पासून आहे. खत कारखान्यातून निघणाऱ्या फॉस्फोजिप्समसाठी त्या मंडळाने मर्यादा घातली. तिथे जे सुचले ते विटेच्या बाबतीत का सुचू नये? आणि हे जिप्सम आपल्या विषयाबाहेरचेही नाही. राख, चुना आणि जिप्सम मिळून जी वीट होते तिच्यातले जिप्सम खाणीतले आहे की खत कारखान्यातले, यावर आकडा थोडा का होईना बदलतो. वीटवाल्याला विचारून पाहा. त्यालाही ते माहीत नसते.

कोणी म्हणेल, वकीलसाहेब, आकडा एकाच्या आत असेल असे तुम्हीच सांगता, मग तपासणीचा आग्रह कशाला? त्यासाठी स्वीडनचे उदाहरण पाहावे. तिथे १९२९ पासून एका काळ्या पाटीच्या दगडापासून हलके काँक्रीट बनवत. स्वस्त, उबदार, सरकारलाही पसंत. त्यात रेडियम किलोला तेराशे बेक्वेरेलच्या घरात होते. वरच्या हिशेबाने बेरीज पाचाच्या जवळ जाते. १९७५ साली उत्पादन बंद केले, पण तोवर त्याची घरे देशभर उभी राहिली होती आणि पुढे कित्येक वर्षे घरोघरी रेडॉन मोजत, पंखे बसवत फिरावे लागले. वीट कारखान्यात असते तेव्हा एक नमुना पुरतो. भिंत झाल्यावर घर न घर मोजावे लागते. स्वीडनकडे त्यासाठी पैसा होता. आपल्या घरकुलवाल्याकडे शेवटच्या हप्त्याचाही पैसा नसतो.

आता रेडॉनबद्दल थोडे जास्त सांगतो, कारण खरा मुद्दा तिथे आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. युरेनियमच्या साखळीत रेडियम येते आणि रेडियमपासून रेडॉन हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो श्वासावाटे फुप्फुसात जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते धूम्रपानानंतर फुप्फुसाच्या कर्करोगाचे हे महत्त्वाचे कारण आहे. देशोदेशी अशा कर्करोगाच्या रुग्णांपैकी ३ ते १४ टक्के रेडॉनमुळे असावेत असा अंदाज आहे. घरातल्या हवेत घनमीटरला १०० बेक्वेरेलपेक्षा जास्त रेडॉन असू नये अशी त्या संघटनेची २००९ ची शिफारस आहे. बिडी ओढणाऱ्याला हा धोका न ओढणाऱ्यापेक्षा पंचवीस पटीने जास्त. (कॅन्सरची भीती राखेच्या विटेला चिकटवणारा पोरगा ते सांगताना तोंडात खर्रा धरून असतो, हेही मी पाहिले आहे. असो.)

पण हा रेडॉन घरात मुख्यतः भिंतीतून येत नाही, जोत्याखालच्या जमिनीतून येतो. भिंतीचा वाटा बहुधा दुय्यम असतो. आणि तो घरात साठतो की निघून जातो हे वीट ठरवत नाही, हवा ठरवते. आपल्या भागातले जुने घर आठवा. कुडाच्या किंवा मातीच्या भिंती, वर कवेलू. कवेलूच्या फटीतून पाणी गळे, पण हवाही रात्रंदिवस खेळत असे. आता घरकुल म्हणजे २६९ चौरस फूट, वर स्लॅब, एका बाजूला एक खिडकी आणि तीही थंडीत पोत्याने बंद. त्यातच चूल. गॅसचे सिलिंडर भरायला पैसे नसले की चूल पुन्हा आत येते. म्हणजे विटेतली राख एका बाजूला राहिली, चुलीचा धूर आणि जमिनीतला वायू मिळून त्या खोलीत काय होत असेल ते पाहायला कोणी जात नाही. दोन समोरासमोरच्या भिंतींत छताजवळ झरोके ठेवायला एक रुपयाही जास्त लागत नाही. नकाशात फक्त दोन रेघा लागतात. त्या रेघा कोणी मारल्या नाहीत, कारण नकाशा काढणाऱ्याला त्या घरात झोपायचे नव्हते.

राख आपल्या दारी येते कशी, तेही समजून घेतले पाहिजे. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र १९८३ साली सुरू झाले. आज त्याची क्षमता २९२० मेगावॅट आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक भागांचा प्रदूषण निर्देशांक काढला तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांनी देशात चौथे आले. राखेचे करायचे काय हा प्रश्न होताच. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १४ सप्टेंबर १९९९ ची अधिसूचना निघाली आणि वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांना मातीत राख मिसळणे बंधनकारक झाले. २००३ मध्ये अंतर १०० किलोमीटर झाले, २०१६ मध्ये ३००. त्याच २०१६ च्या दुरुस्तीत सरकारी योजनांच्या बांधकामात राखेच्या विटा-साहित्य सक्तीचे करण्याचे कलम आले. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने शंभर टक्के राख वापरा, नाही वापरली तर टनाला हजार रुपये भरा, असे वीज केंद्रांना सांगितले. अर्थ सरळ आहे. न खपलेली राख वीज केंद्राला महाग पडते, म्हणून ती खपवावी लागते. जो नाही म्हणू शकत नाही त्याच्याकडे ती आधी खपते. बंगलेवाला विटेचा रंग पाहून नाही म्हणू शकतो. घरकुलवाला नाही म्हणाला तर हप्ता थांबतो.

धोरण चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. शेतातली सुपीक माती वाचते, राखेचे डोंगर कमी होतात, सिमेंट कमी जळते. कोराडीचा राखेचा बंधारा २०२२ च्या जुलैत फुटला तेव्हा गावांत, शेतांत आणि पाण्यात काय झाले ते नागपूरकरांनी पाहिले आहे. राख बंधाऱ्यात राहण्यापेक्षा विटेत बांधली गेलेली बरी. आणि राखेपासून पळणेही शक्य नाही. आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांत जे पोझोलाना सिमेंट बनते त्यात १५ ते ३५ टक्के राख मानकानुसारच असते. लाल वीट घेतली तरी सिमेंटच्या पोत्यातून ती घरात येतेच. माझा आक्षेप राखेवर नाही, न तपासता देण्यावर आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेबांकडे मजूर खाते होते आणि विजेच्या विकासाचे धोरणही त्याच खात्यात आखले जात होते. कोळसा खाण कामगारांसाठी १९४४ साली कल्याण निधी उभा झाला तोही त्याच काळात. वीज हवी आणि ती काढणाऱ्या माणसाचा जीवही सांभाळला पाहिजे, या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या नाहीत. आज विजेचा दिवा शहरात लागतो आणि राख वस्तीत उतरते. या दोहोंमध्ये विचारणारा कोणी उरलेला नाही.

आकडे हातात नसतील तर न्यायालयात काय होते याचा धडा झारखंडच्या जादूगोड्यात मिळतो. तिथे १९६७ पासून युरेनियमची खाण चालली. आजूबाजूला आदिवासी गावे. खाणीतला टाकाऊ दगड घरांच्या बांधकामात वापरला गेल्याच्या तक्रारी झाल्या, लोकांच्या आजारांवर १९९९ साली 'बुद्धा वीप्स इन जादूगोडा' हा माहितीपट निघाला. प्रकरण जनहित याचिकेच्या रूपाने सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००४ साली, पुरेशी काळजी घेतली जाते या सरकारी प्रतिज्ञापत्रावर, ती याचिका फेटाळली गेली. उलट बाजूचे उदाहरण केरळचे. करुणागपल्लीच्या किनाऱ्यावर थोरियमची वाळू आहे, नैसर्गिक किरणोत्सार कितीतरी जास्त आहे. तिथे सुमारे सत्तर हजार लोकांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला की त्यामुळे कर्करोग वाढलेला दिसत नाही. दोन्हींतला फरक बघा. केरळात घरोघरी मोजले गेले, म्हणून तिथल्या माणसाला उत्तर मिळाले. जादूगोड्याच्या माणसाला प्रतिज्ञापत्र मिळाले.

मी स्वतः काय केले ते सांगतो. मावशींच्या गावच्या कामासाठी आलेल्या विटांचा कोणताही किरणोत्सार तपासणी अहवाल आहे का, असा माहिती अधिकारात एका कार्यालयाकडे अर्ज केला. तिसाव्या दिवशी एका ओळीचे उत्तर आले : "सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही." कोणाशी संबंधित आहे ते लिहिले नव्हते. २००५ च्या कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे अर्ज संबंधित कार्यालयाकडे पाच दिवसांत पाठवणे त्यांच्यावर बंधनकारक होते. पहिले अपील केले. सुनावणीत अधिकारी हसून म्हणाले, "वकीलसाहेब, विटेत कसला आला किरणोत्सार?" मी त्यांना वरचा हिशेब कागदावर करून दाखवला. ते हसायचे थांबले, पण अहवाल काही निघाला नाही. दुसरे अपील दाखल आहे.

एक गोष्ट मात्र या सगळ्या धावपळीत मला अस्वस्थ करून गेली. विटांचा शोध घेत मी एका राखवीट कारखान्यात गेलो होतो. तिथे पोती फोडून राख मिक्सरमध्ये ओतणारी बाई आपलीच होती. तोंडाला पदर, अंगभर करडी धूळ, भुवया पांढऱ्या. सहा तास ती त्या ढगात उभी असते. भिंतीत घट्ट बसलेली राख राहणाऱ्याला जेवढी बाधेल त्याच्या कितीतरी पट ही उडती राख तिच्या फुप्फुसाला बाधते. त्यात सिलिका आहे, जड धातू आहेत. सिलिकोसिस व्हायला किरणोत्साराची गरज लागत नाही. आम्ही मात्र मोबाईलवर विटेच्या कॅन्सरची चर्चा करतो आणि तिला साधा मास्क कोणी देत नाही. कारखाना कायद्यात धुळीपासून संरक्षणाची तरतूद होती, पण अशा छोट्या कारखान्यांत निरीक्षक कधी आला होता हे तिला आठवत नव्हते.

आपल्या वाचकांपैकी जे ग्रामपंचायतीत आहेत, पंचायत समितीत आहेत, त्यांना माझे सांगणे आहे की ग्रामसभेचा ठराव घ्या. वीटवाल्याने राख कोणत्या केंद्राची, जिप्सम कुठले, हे बिलावर लिहून द्यावे. वर्षातून एकदा प्रत्येक कारखान्याच्या विटेचा किलोभर नमुना तपासणीला जावा. तो डबा हवाबंद करून महिनाभर ठेवावा लागतो, मगच रेडियमचा खरा आकडा मिळतो, म्हणून "उद्या अहवाल देतो" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. राहत्या घरातला रेडॉन मोजायला फिल्मचा छोटा तुकडा तीन महिने टांगून ठेवला की काम होते. अशी मोजणी देशातल्या काही विद्यापीठांचे भौतिकशास्त्र विभाग वर्षानुवर्षे करत आले आहेत. आपल्या पोरांना तिथे पाठवा. एम.एस्सी. करणाऱ्या एका मुलाने आपल्याच वस्तीतली पन्नास घरे मोजली तर पुढच्या वेळी माझ्या हातात न्यायालयात ठेवायला काहीतरी असेल. १९९१ च्या सुभाषकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त हवा-पाणी हा कलम २१ च्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. घरातल्या हवेसाठी ते कलम लागू होत नाही असे कोणी म्हटलेले नाही.

मावशींना मी शेवटी सांगितले की राहायला जा. मात्र खिडकीसमोरच्या भिंतीत स्लॅबखाली दोन झरोके पाडून घ्या आणि चूल बाहेरच्या पडवीत ठेवा. मिस्त्रीने झरोक्याचे तीनशे रुपये मागितले. पोराने स्वतःच छिन्नी-हातोडा घेतला आणि एका रविवारी दोन्ही भोके पाडली. अशोक विजयादशमीला त्यांनी बुद्धवंदना करून घरात पाऊल ठेवले. मी गेलो होतो. चहा झाल्यावर त्यांनी पुन्हा विचारले, "भाऊ, त्या आकड्याचं काय झालं?" दुसऱ्या अपिलाची तारीख अजून लागलेली नाही, एवढेच मी सांगू शकलो. त्यांनी पडलेल्या विटेचा एक तुकडा धुऊन, वाळवून माझ्या पिशवीत टाकला. तो माझ्या टेबलावर आहे.